व्होल्टेज पुरेसे, तरी सेल्फ निरुत्तर

मोटरसायकलचा सेल्फ दाबल्यावर नुसतीच टकटक ऐकू आली, की बॅटरीला मल्टिमीटर लावायचा, 12.6 व्होल्ट दिसताच तिला निर्दोष ठरवायचे आणि दोष स्टार्टरच्या माथी मारायचा, असा प्रघात आहे. तो आकडा खोटा नसतो. फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

शिसे-आम्ल बॅटरीत प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. घटाचे व्होल्टेज आम्लाच्या संहतीवर ठरत असल्यामुळे, गाडी काही तास उभी राहिल्यावर घेतलेले माप बॅटरी किती भरली आहे एवढेच सांगते. बॅटरी उतरताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि चार्जिंगमध्ये ते नाहीसे होते. मात्र अर्धवट उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याचे बारीक स्फटिक मोठे व टणक होतात, पट्टीचा पृष्ठभाग झाकतात आणि अंतर्गत रोध वाढवतात. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुधा 10 मेगाओहम असल्याने तो जेमतेम एक मायक्रोअँपियर ओढतो, आणि एवढ्याशा प्रवाहात हा दोष उघड होणे शक्यच नसते. स्टार्टरने 50 अँपियर मागितले, की 0.02 ओहम रोधावर एक व्होल्ट खर्ची पडतो. तोच रोध 0.1 ओहम झाला असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे पाच व्होल्ट आतच गडप होतात. म्हणून मीटरची टोके थेट टर्मिनलवर धरून सेल्फ दाबावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा 9.5 व्होल्टच्या खाली घसरला, तर ती थकली आहे असे समजावे. अशा बॅटरीला नवजीवन देणाऱ्या 'संजीवनी' द्रावणांच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही, कारण पट्टीवरून गळून तळाशी साचलेला क्रियाशील पदार्थ (वीज साठवणारा पट्टीवरचा लेप) कोणतेही द्रावण पुन्हा वर चढवत नाही.

चार्जिंगची तपासणी त्या मानाने सोपी आहे. इंजिनाची गती वाढवल्यावर बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. 15 च्या पुढे गेल्यास चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर निकामी झालेला असतो आणि बॅटरीतील पाणी वायुरूपाने उडू लागते. आकडा 13 च्याही खाली राहिला, तर त्रिकला (तीन तारांतून एसी देणाऱ्या) स्टेटरचा, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या स्थिर वेटोळ्यांचा, कनेक्टर सोडवून इंजिन चालू असताना तिन्ही तारांच्या जोड्यांमधील एसी व्होल्टेज मोजावे. एखादी जोडी मागे पडली किंवा इंजिन बंद असताना एखादी तार सांगाड्याशी जोडलेली आढळली, तर स्टेटरचे वेटोळे बिघडलेले आहे. तिन्ही मापे समान व पुरेशी असतील, तर संशय रेग्युलेटर-रेक्टिफायरवर (रेक्टिफायर एसीचे डीसी करतो) किंवा त्याच्या वायरिंगवर जातो.