बांडगूळ काढा, वांडा राहू द्या

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात माळ्याला आंब्यावर चढवलं, बांडगूळ काढायला. थोड्या वेळाने अंगणात आले तर पाल्याच्या ढिगात वांडा ऑर्किडचं अख्खं रोप पडलेलं. जीव हळहळला. माळी म्हणाला, "बेन, आ बधो वांदो ज छे." म्हणजे, ताई, हे सगळं बांडगूळच आहे.

त्याला दोष देववेना. संस्कृतात 'वंदा' म्हणजे झाडावर उगवणारं बांडगूळच. गुजरातीतला वांदो तोच. आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी ऑर्किडला वांडा नाव दिलं तेही याच शब्दावरून.

फरक कळतो तो जोडावर. बांडगूळ फांदीला जिथे धरतं तिथे सुजल्यासारखी गाठ असते. तिच्यातून ते सालीखाली थेट लाकडात शिरतं आणि आंब्याने वर चढवलेलं पाणी, क्षार पळवतं. पानं हिरवी असल्याने अन्न मात्र स्वतःच बनवतं, म्हणून ते अर्धपरजीवी. त्याची फळं फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो, की झालं नवं बांडगूळ.

वांडाला गाठ नसते. त्याची जाडजूड मुळं सालीवरून नुसती पसरलेली असतात. कोरडी असताना ती चंदेरी पांढरी दिसतात. जरा पाणी शिंपडा, बघता बघता हिरवट होतात. वरचं आवरण मृत पेशींचं, स्पंजासारखं. पाऊस नि दव तेच टिपून घेतं. आंब्याकडून वांडाला हवी असते फक्त बसायला जागा.

आणि नेमकी ती जागाच जाते आहे. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातली कितीतरी ऑर्किडं अशीच जुन्या, खरबरीत सालीच्या झाडांवर राहतात. झाड तोडलं की वरचा सगळा संसार एकदम खाली येतो. बदली रोप लावून तो चटकन परत येत नाही, कारण ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, त्यात शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं लागतात.

आमचं रोप मी त्याच फांदीवर सुतळीने सैलसर बांधलं. बांडगूळ मात्र नुसतं ओरबाडू नका, आत राहिलेल्या भागातून ते पुन्हा फुटतं. गाठीच्या बरंच खालून फांदीसकट कापायचं.