सिकलसेल नेमका कोणाचा?

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर होतं. व्हरांड्यात टेबल, स्टँडमध्ये काचेच्या छोट्या नळ्या आणि त्यांच्या मागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद. मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात मिसळायचा आणि काही मिनिटं थांबायचं. रेघा आरपार दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना पुढच्या तपासणीला जातो. माझ्याशेजारी उभे असलेले गुरुजी म्हणाले, "हा कोरकूंचा आजार. आपल्याला नाही होत."

हेच वाक्य मी शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे, समाजाचं नाव तेवढं बदलतं. अमेरिकेत तर ते दीर्घकाळ वैद्यकशास्त्राचंच मत होतं. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचं लिहिलं, आणि पुढे हा 'काळ्या वंशाचा आजार' ठरला. एखाद्या गोऱ्या रुग्णात तो सापडला, तर निदान तपासून बघण्याऐवजी त्याच्या पूर्वजांत कोणी काळा होता का, याची चौकशी व्हायची.

आता त्या नळीत काय होतं ते बघू. मला या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आपल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची माळ असते. सिकलसेलमध्ये या माळेतला फक्त सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. डीएनएमध्ये 'जीएजी'चं 'जीटीजी' झालं, एक अक्षर बदललं, बस. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलीन पाणी टाळणारं, ते आडोसा शोधतं. रेणूवर ऑक्सिजन असेपर्यंत असा आडोसा मिळत नाही. पण ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार किंचित बदलतो, बीटा साखळीवर ८५ आणि ८८ क्रमांकाच्या अमिनो आम्लांजवळ एक खाच उघडी पडते, आणि शेजारच्या रेणूचं व्हॅलीन त्या खाचेत चपखल बसतं. त्या रेणूला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. अशा सरी एकमेकींभोवती वळून १४ पदरांचा दोर तयार होतो. हे ताठ दोर पेशीला आतून ताणतात आणि गोल पेशीचा विळा होतो. फुप्फुसात परत ऑक्सिजन मिळाला की दोर सुटतात, पेशी गोल होते. पण हे पुन्हा पुन्हा झालं की पेशीचं आवरणच कडक होतं. मग ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडं आणि सांधे असह्य दुखतात. १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत संपते.

शिबिरातली नळी हीच क्रिया घडवते. द्रावणातलं एक रसायन पेशी फोडतं, दुसरं ऑक्सिजन काढून घेतं. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळलेलं राहत नाही, म्हणून नळी गढूळ. नळीला माणसाची जात, वर्ण, भाषा काही कळत नाही.

मग इतका त्रासदायक बदल टिकून का राहिला? आई आणि बाबा दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर आजार होतो, विदर्भात त्याला 'एसएस पॅटर्न' म्हणतात. एकाकडूनच आलं तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाच्या पेशीत मलेरियाचा परजीवी शिरला की तिथे ऑक्सिजन कमी होतो, पेशी वाकते आणि प्लीहा (रक्त गाळणारा पोटातला अवयव) तिला परजीवीसकट काढून टाकते. परजीवीची वाढही अशा पेशीत खुंटते. त्यामुळे फाल्सिपेरम जातीच्या जीवघेण्या मलेरियातून वाहक मोठ्या प्रमाणात वाचतो. पूर्व आफ्रिकेत काम करून शास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ साली मांडलं.

त्याच वर्षी हर्मन लेहमान या शास्त्रज्ञानेही एक स्पष्टीकरण दिलं होतं. १९५२ मध्ये त्यांना निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला होता. हा 'काळ्या वंशाचा' आजार निलगिरीत कसा, याचं उत्तर त्यांनी वंशातच शोधलं. 'वेड्डिड' नावाचा कुणी प्राचीन वंश अरबस्तानातून इकडे भारतात आणि तिकडे आफ्रिकेत गेला असावा, अशी ती कल्पना. पुराव्यानं वंशाची चौकट मोडायला हवी होती, त्याऐवजी चौकट टिकवण्यासाठी एक नवा वंश उभा करण्यात आला.

नकाशावर हे जनुक मांडलं की ते डासामागे गेलेलं दिसतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत भरपूर. त्याच खंडाच्या दक्षिण टोकाला, जिथे मलेरिया कमी, तिथल्या खोसा लोकांत अगदी थोडं. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस गावाच्या परिसरात मात्र वाहकांचं प्रमाण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त. हे गाव कोपाईस नावाच्या दलदलीच्या तळ्याकाठी वसलेलं होतं. ते तळं पुढे आटवलं गेलं. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात सिकलसेल आहे, तसाच तो गडचिरोलीत आणि नंदुरबारमध्येही आहे. 'काळा वंश' या शब्दात खोसा येतात आणि ग्रीक येत नाहीत. रक्तात नेमकं उलटं आहे.

"पण आपल्याकडे तो ठरावीक समाजांतच जास्त दिसतो ना?" हा प्रश्न रास्त आहे. दिसतो, आणि त्याचं कारण लग्न आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड यांनी मिळून केलेलं जनुकीय संशोधन २०१३ साली आलं. त्यानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोक एकमेकांत भरपूर मिसळले आणि मग जातीबाहेरची लग्नं थांबत गेली. म्हणजे भिंत माणसांनी घातली आणि जनुक भिंतीच्या आत साठत राहिलं. आज त्या साठ्याकडे बोट दाखवून कोणी म्हणतं, बघा, हे लोक मुळातच वेगळे! आणि ती भिंतही पक्की नाही. विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांतही सिकलसेल आहे. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांवरून हिशेब केला, तेव्हा माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडले. तथाकथित वंशांच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के आले.

समाजाचा शिक्का मारला की माणसं दोन्हीकडून मरतात. शिक्का नसलेल्याची तपासणीच होत नाही. अमेरिकेत फक्त कृष्णवर्णीय बाळं तपासली तेव्हा इतर रुग्ण बाळं निसटत होती, म्हणून पुढे सरसकट सगळ्या नवजात बाळांची तपासणी सुरू झाली. शिक्का असलेल्याची लाज वाढते, आणि पोराची हाडं दुखायला लागली की घरचे दवाखान्याआधी भगताकडे जातात. इकडे शहरांत लग्न ठरवताना पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवतात, पण ही स्वस्तातली रक्ततपासणी कोणाला आठवत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारपैकी एक शक्यता एसएस बाळाची असते. शनि-मंगळ त्यात काही करू शकत नाहीत. वाहक मुलीचं लग्न मोडायचीही काही गरज नाही. नवरा वाहक किंवा स्वतः रुग्ण नसेल तर मुलांना एसएस होत नाही.

हे सगळं मी गुरुजींना सांगत होते, तोवर टेबलासमोरची रांग बरीच पुढे सरकली होती. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सिस्टरपुढे बोट धरलं. नळी हलवून स्टँडमध्ये ठेवली गेली. पाच मिनिटांनी मागच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. गुरुजींनी तिथूनच घरी फोन लावला आणि बायकोला म्हणाले, "उद्याही शिबिर आहे. तू ये, पोरांनाही घेऊन ये."