संगणक अभियंत्यांचा कार्यालयीन पोशाख

संगणकाची जुळणी, देखभाल व प्रणालीलेखन (प्रोग्रॅमिंग) करणाऱ्या अभियंत्यांनी कामाच्या ठिकाणी पाळलेले वेशभूषेचे संकेत. हे संकेत ग्राहकाशी येणारा संबंध आणि यंत्राची गरज यांनुसार घडले. गोव्यात त्यांना दमट हवामानाचीही जोड मिळाली.

गडद सूट, पांढरा शर्ट आणि टाय हा आरंभीचा ठळक नमुना अमेरिकेतील आयबीएम कंपनीचा होय. १९१४ मध्ये कंपनीत आलेल्या थॉमस वॉटसन (थोरले) यांच्याकडे त्याचे श्रेय दिले जाते. तो लेखी नियमापेक्षा, बँका व विमा कंपन्यांतील ग्राहकांच्या बरोबरीने वावरता यावे या आग्रहातून रूढ झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९९५ मध्ये कंपनीचे तत्कालीन प्रमुख लुई गर्स्टनर यांनी हे बंधन उठवले. शुक्रवारी कार्यालयात अनौपचारिक, सैल पोशाख घालण्याच्या प्रघाताच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही जण तो ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी संगणक-कंपनीकडे नेतात, तर काही १९६० च्या दशकातील हवाई बेटांवरील ‘अलोहा शुक्रवार’कडे (शुक्रवारी तेथील नक्षीदार अलोहा शर्ट घालून कामावर येण्याची प्रथा). दुसऱ्या मताला तेथील कपडे-उत्पादकांच्या मोहिमेचा आधार असल्याने ते सबळ ठरते. मात्र हा प्रघात कार्यालयांत पसरण्यास जीन्स बनवणाऱ्या लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९९२ मध्ये वाटलेली अनौपचारिक पोशाखाविषयीची पुस्तिका बरीच कारणीभूत झाली असावी. भारतात इन्फोसिसने औपचारिक पोशाखाची सक्ती २०१५ मध्ये शिथिल केली.

गोव्यात फर्मागुडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६७) आणि पुढे वेर्णा औद्योगिक वसाहत यांमुळे हा वर्ग वाढला. साधारणतः १९८०–९० च्या दशकांत भारतीय संगणककक्षांत पादत्राणे दाराबाहेर काढून ठेवण्याची शिस्त सर्रास होती. धुळीचा कण फ्लॉपीच्या (माहिती साठवण्याच्या चुंबकीय चकतीच्या) पृष्ठभागावर चरा पाडी. पावसाळ्यात तांबड्या चिखलाने माखलेल्या चपलांमुळे गोव्यात ही शिस्त विशेष निकडीची होती. वातानुकूलित कक्षात स्वेटर आणि बाहेर पडताच सुती बुशशर्ट, असा दुहेरी पेहराव या कामाच्या स्वरूपातूनच येतो.

जुळणीच्या कामात पोशाख ही सुरक्षेची बाब आहे. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर साचणारी स्थिर विद्युत सूक्ष्म मंडले (चिप) निकामी करते. म्हणून विद्युतरोधी न ठरणारा, विद्युतभार वाहून नेणारा अंगरखा घालतात व मनगटी पट्टा भूसंपर्कित करतात, म्हणजे तारेने जमिनीशी जोडतात. पट्ट्याच्या तारेत सामान्यतः १ मेगाओहम (दहा लाख ओहम) विद्युतरोध असतो, त्यामुळे भार सावकाश निघून जातो आणि चुकून वीजप्रवाहाशी संपर्क आल्यास वापरणाऱ्याला धोका कमी राहतो. कोरड्या हवेत हा भार अधिक साचतो, त्यामुळे बाहेर कितीही दमट असले तरी वातानुकूलित दालनात ही दक्षता आवश्यकच असते.

प्रणालीलेखकांत टी-शर्ट व जीन्स, तर स्त्रियांत सलवार-कमीज, कुर्ता-जीन्स रुळले. ग्राहकभेटीसाठी बंद बूट व पूर्ण बाह्यांचा शर्ट टिकून आहे. मार्च २०२० नंतर घरून काम सुरू झाल्यावर दृक्‌श्राव्य बैठकीत दिसेल तेवढाच नीटनेटका पेहराव पुरेसा मानला जाऊ लागला.