वावराचा (शेतजमिनीचा) हक्क: मूलभूत की फक्त संवैधानिक?

मिहान हा विमानतळालगतचा प्रकल्प असो की बाह्य वळणरस्ता, नागपुरात भूसंपादनाचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच, "मालमत्ता हा माझा मूलभूत हक्क आहे, थेट सुप्रीम कोर्टात जाईन." तो आता मूलभूत नाही असं सांगा, की लगेच, "म्हणजे सरकार वाटेल तेव्हा वावर घेणार?" हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त घातक, कारण तो माणसाला लढायच्या आधीच खाली बसवतो.

मूळ घटनेत हा हक्क मूलभूत हक्कांतच होता, कलम १९ आणि ३१ मध्ये. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला. २० जून १९७९ पासून तो कलम ३०० अ मध्ये आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. हक्क गेला नाही, त्याची जागा बदलली.

फरक पडतो तो दाद कुठे मागायची यात. मूलभूत हक्क डावलला तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. याच कलमाला बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. नुसत्या ३०० अ च्या जोरावर तो मार्ग मिळत नाही. हायकोर्टात दाद मागायचं कलम २२६ मात्र दोन्ही हक्कांना चालतं, आणि त्यासाठी विदर्भातल्या शेतकऱ्याला दिल्ली गाठावी लागत नाही. सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्टाचं खंडपीठ पुरतं. (संपादनात भेदभाव झाला असेल तर समानतेचं कलम १४ जोडीला आहेच, आणि ते मूलभूत आहे.)

३०० अ दुबळं आहे असंही समजू नका. कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यातून सात गोष्टी उलगडून दाखवल्या. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू आणि रास्त मोबदला या त्यातल्याच.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली की ६० दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते. ती नोंदवल्याची पोच घ्याच. आणि रक्कम मान्य नसेल, तर मोबदला उचलताना 'हरकत राखून' असं लिहून द्या. तसं न लिहिता पैसे घेतले, तर कलम ७७ नुसार वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही.