ड्राइव्ह-इन थिएटरमधील खेळापूर्वीची ध्वनिमुद्रणे

मोटारीत बसूनच सिनेमा पाहण्याच्या अमेरिकेतील उघड्या थिएटरांत अंधार पडेपर्यंत आणि मध्यंतरात वाजवल्या जाणाऱ्या ध्वनिफिती व छोट्या चित्रफिती. हलके संगीत, सूचना, खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि खेळाला किती मिनिटे उरली हे सांगणारे पडद्यावरचे घड्याळ, एवढाच त्यांचा ऐवज. मूळ सिनेमा कुठेही मिळतो. हा फुटकळ माल मात्र काम संपल्यावर फेकला गेला, म्हणून जुन्या प्रेक्षकांची आणि संग्राहकांची ओढ त्याकडेच जास्त.

रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीत कॅम्डेनजवळ पहिले पेटंटधारी ड्राइव्ह-इन उघडले. समोरच्या गाडीवरून पडदा दिसावा म्हणून पुढची चाके उंच राहतील असे मातीचे चढ, ही त्यांची खरी युक्ती. आवाजाची सोय मात्र कच्ची होती. पडद्याजवळच्या कर्ण्यांचा आवाज शेजारच्या वस्तीला छळायचा आणि दीडशे मीटर मागच्या गाडीपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा पोचायचा. ओठ आधी हलत, शब्द मागून येत. दुसऱ्या महायुद्धानंतर गाडीशेजारच्या खांबावरून काढून खिडकीच्या काचेवर अडकवायचे छोटे स्पीकर सर्वत्र आले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस देशात सुमारे ४,००० ड्राइव्ह-इन होते.

उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, फाटक मात्र आधीच उघडावे लागते. १९६७ पासून बहुतेक राज्यांत उन्हाळी वेळ (घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत) लागू झाली आणि ही प्रतीक्षा आणखी लांबली. शिवाय तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाकडे जायचा. उपाहारगृहाचा गल्ला मालकाचा. म्हणून मध्यंतराचे घड्याळ मिनिटामिनिटाला थांबून पॉपकॉर्न, हॉट डॉग, लोणच्याची काकडी, अगदी डासांची अगरबत्तीसुद्धा विकायचे. शिकागोच्या फिल्मॅक कंपनीची नाचत्या खाद्यपदार्थांची १९५७ची चित्रफीत यांत सर्वांत प्रसिद्ध. २००० साली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेली. शेवटची सूचना ठरलेली असे : निघण्यापूर्वी स्पीकर खांबावर परत लावा. तरीही लोक तो काचेवर विसरून गाडी सुरू करत. मग वायर तुटे, नाहीतर काच.

या चित्रफिती रोज चालत, म्हणून ओरखड्यांनी भरलेल्या असतात. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या प्रतींतला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळे गुलाबी दिसू लागते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर फिल्मचा अॅसिटेटचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पाया कुजतो आहे. असा डबा इतरांपासून वेगळा, थंड व कोरड्या जागी ठेवावा आणि आधी त्याचीच डिजिटल प्रत काढावी. ध्वनिफितीचा वेगही तपासावा लागतो : सेकंदाला साडेसात इंच वेगाची फीत पावणेचारवर लावली, तर निवेदक रेंगाळत, घोगऱ्या आवाजात बोलतो.

खांबावरचे स्पीकर जमवणारे एक चूक हमखास करतात. या स्पीकरांतले बरेचसे चार ओहम रोधाच्या आसपासचे असतात. असे चार समांतर जोडले की भार एक ओहमवर येतो आणि घरगुती अॅम्प्लिफायर गरम होऊन बंद पडतो. दोन-दोन एकसरीत जोडून त्या दोन जोड्या समांतर लावल्या, तर भार पुन्हा चार ओहम होतो. स्पीकर मुका असेल, तर दीड व्होल्टच्या सेलची टोके क्षणभर टेकवावीत : खरखर आली तर गुंडाळी शाबूत, दोष बाहेरच्या वायरीत किंवा आवाजाच्या बटणात. आवाज चरचरत असेल तर बहुधा दमटपणाने कागदी शंकू फाटलेला असतो.

भारतात अहमदाबादचे ड्राइव्ह-इन १९७३ सालचे. मुंबईत वांद्रे पूर्वेलाही एक होते. ते बंद झाल्यावर २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात इमारतीच्या छतावर नवे सुरू झाले.

आता आवाज बहुतेक ठिकाणी एफएमवर, गाडीच्याच रेडिओतून येतो. सूचनाही बदलल्या : इंजिन बंद ठेवून रेडिओ दोन सिनेमे चालवला, तर जुनी बॅटरी दगा देते, म्हणून उपाहारगृहात जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याच्या वायरी) ठेवतात. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे पडद्यावर उजेड पाडतात; काही गाड्यांत ते हँडब्रेक ओढल्यावरच विझतात. बाकीच्यांना पुढून कापड टाकावे लागते.