हौद्यातून कट्ट्यावर : आंदळकरांच्या वस्तादकीमागचं कोल्हापूर

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर म्हटलं की १९६० ची हिंदकेसरी किताबाची गदा आणि १९६२ ची जाकार्ताची आशियाई स्पर्धा इथंच बहुतेकांचं बोलणं संपतं. पण कुस्ती थांबल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद, म्हणजे कुस्तीचे गुरू, म्हणून त्यांनी पोरं घडवण्यात घालवलेला काळ त्यांच्या लढण्याच्या काळापेक्षा कितीतरी मोठा आहे. मला स्वतःला तीच त्यांची मोठी कमाई वाटते. ती कळायला मात्र थोडं मागं जावं लागतं.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि कुस्तीला दरबारचा आधार मिळाला. पंजाबकडचे मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, खुराक दरबारातून येऊ लागला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं होतं. त्यातून १९१२ मध्ये खासबाग मैदान साकारलं. मधे हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे पार मागं बसलेल्यालाही पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, काढलेला दिसतो.

१९२२ मध्ये महाराज गेले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि राजाश्रयाचा काळ सरला. आता तिकिटावरची मैदानं आणि गावोगावच्या जत्रांतली इनामं यांवर पैलवानाला जगायचं होतं. खेड्यातून ट्रंक घेऊन आलेल्या पोराला जोड, म्हणजे लढत, कुणाशी घ्यायची, कुठली नाकारायची, इनामातलं दुधा-बदामाला किती ठेवायचं आणि घरी किती धाडायचं, हे सांगणारं कुणीतरी लागायचं. वस्तादाचं काम डावापुरतं राहिलं नाही, ते इथून.

आंदळकर स्वतः असेच आले. जन्म १९३५ चा, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा. कोल्हापूरच्या तांबड्या मातीत ते घडले आणि १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाईलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण मिळवलं. या सुवर्णाचं मोल मातीतल्या माणसाला लगेच कळेल. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा वापर नाही. म्हणजे पट नाही, टांग नाही. आपल्या पैलवानाचे निम्मे डाव दारातच ठेवून आत जायचं आणि उरलेल्या ताकदीवर जिंकायचं. १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

पुढं ते वस्ताद म्हणून हौद्याकडेच्या कट्ट्यावर बसले. तालमीतली पहाट ज्यानं पाहिली आहे त्याला हे बसणं काय असतं ते ठाऊक आहे. अजून उजाडलेलं नसतं. पोरं खोऱ्यानं हौदा उकरतात. ताक, तेल, लिंबू, हळद मुरलेल्या मातीचा वास अंगाला चिकटतो. जोर-बैठका झाल्या की लढती लागतात. वस्ताद फारसं बोलत नाही. "सोड. परत धर." एवढंच. पोरगं तीच पकड दहादा धरतं आणि अकराव्यांदा त्याचा हात आपसूक बरोबर जागी जातो.

या हाताखालून गेलेल्यांत दादू चौगुले यांचं नाव आधी घ्यावं लागतं. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचा हा गडी. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा, पुढं रुस्तुम-ए-हिंद हा किताब, आणि १९७४ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. लढणं थांबल्यावर दादूही गुरूसारखेच वस्ताद म्हणून कट्ट्यावर आले.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी आंदळकर गेले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला दादूंना राष्ट्रपती भवनात ध्यानचंद पुरस्कार मिळाला.