हरवलेल्या घराचा माग : जुनी छायाचित्रे आणि नकाशे घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आजोबांचे घर नेमके कोठे होते, हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांच्या हाती एकदोन छायाचित्रे, सातबाराचा एखादा उतारा आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले वाडीचे नाव एवढेच असते. एवढ्यावर काम सुरू करता येते. मात्र कोणता कागद काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे ग्राहकांना आधी ठाऊक असले तर शोध पुष्कळ सोपा होतो, म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे.

कोकणातले घर नाहीसे कसे होते, हे प्रथम लक्षात घ्यावे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घर बंद पडून कौले सरकली, की वासे कुजतात आणि मातीच्या भिंती काही पावसाळ्यांतच विरघळून जातात. जांभ्याचे घर अधिक टिकते, पण त्याचे चिरे उपयोगाचे असल्यामुळे भाऊबंद ते काढून नव्या घराला, गडग्याला किंवा विहिरीच्या काठाला लावतात. तुळया, दारे, खिडक्या आणि कौलेही अशीच दुसरीकडे जातात. त्यामुळे पडक्या भिंती शोधत गेलेल्या माणसाला बहुधा काहीच दिसत नाही. शोधायचे ते घरवंद, म्हणजे जोते, त्याच्या दोनतीन पायऱ्या, तुळशी वृंदावनाचा चौथरा, विहीर आणि परसातली झाडे. राखणदार नसलेल्या रानात सोनचाफा, अनंत किंवा पोफळींची सरळ रांग दिसली, तर तेथे कोणी तरी राहत होते असे खुशाल समजावे.

छायाचित्र कसे वाचावे

ग्राहक छायाचित्र दाखवतात तेव्हा माणसांची ओळख करून देतात. आम्ही पाहतो ती माणसांच्या मागची बाजू. कोकणातल्या कुटुंबांनी घराचे म्हणून छायाचित्र क्वचितच काढले. काढले ते गणपतीचे, खळ्यातल्या (घरापुढच्या अंगणातल्या) लग्नमंडपाचे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसह पडवीत बसलेल्या मंडळींचे. पण गणपतीच्या माटवीमागे (वर बांधलेल्या सजावटीमागे) माजघराचे दार असते, मंडपाच्या खांबाआड विहिरीचा रहाट असतो, आणि पडवीत बसलेल्यांच्या डोक्यावरून कधी सड्याची (जांभ्याच्या पठाराची) कड, कधी देवळाची दीपमाळ, कधी खाडीचे वळण दिसते. डोंगराची कड शंभर वर्षांत फारशी बदलत नाही, म्हणून तिचा चार बोटांएवढा तुकडा मिळाला तरी आम्ही त्याला भिंतीवरच्या कोणत्याही खुणेपेक्षा अधिक मोल देतो. याच कारणासाठी आमची पहिली विनंती अशी, की छायाचित्राच्या कडा कापू नयेत, आणि मोबाइलवर पाठवताना केवळ आजोबांचा चेहरा न पाठवता कागदाच्या चारही कडा दिसतील अशी प्रत पाठवावी. मागची बाजूही पाठवावी. तिच्यावर स्टुडिओचा शिक्का, कोणी पेन्सिलीने लिहिलेले साल किंवा गावाचे नाव हमखास सापडते.

काळ ठरवण्यासाठी लहान वस्तू फार उपयोगी पडतात. छपरावर मंगलोरी कौले असतील, तर ते छायाचित्र बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाल्यानंतरचेच असले पाहिजे; छपरावर नळे (जुनी नळीची कौले) किंवा गवत असेल, तर मात्र काळाविषयी काहीच म्हणता येत नाही, कारण ती छपरे त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असेल, तर छायाचित्र १९७३ पूर्वीचे नाही. चौकोनी आकाराची काळीपांढरी छायाचित्रे पुष्कळदा अग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याने काढलेली असतात; त्यात एका रोलवर बाराच छायाचित्रे येत, त्यामुळे त्याच दिवशीची उरलेली एखाद्या काकांकडे वा आत्यांकडे असण्याचा संभव राहतो. एका भावाच्या अल्बमात नसलेला घराचा कोपरा दुसऱ्या भावाच्या अल्बमात सापडला, असे आमच्या कामात अनेकदा घडले आहे. म्हणून शोध सुरू करण्याआधी भाऊबंदांना एकदा विचारावे. वाटणीवरून अबोला असला तरी छायाचित्रासाठी तो बहुधा सुटतो.

सावलीवरून दिशा कळते, पण तेथे सावध राहावे लागते. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारी किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर दुपारची सावली उत्तरेकडे असते. वैशाखातल्या लग्नाच्या छायाचित्रात दुपारची सावली पायाखालीच असते, त्यामुळे ती दिशेसाठी निरुपयोगी ठरते. भाद्रपदात गणपतीच्या वेळी किंवा पौष-माघात काढलेले छायाचित्र मात्र घराचे तोंड कोणत्या दिशेला होते, ते बऱ्याच खात्रीने सांगते.

आणखी एक गोष्ट आम्ही चुकीतून शिकलो. एका घराचे वृंदावन छायाचित्रात ओटीच्या उजव्या हाताला दिसत होते आणि प्रत्यक्ष जागेवर ते डाव्या हाताला होते. जागा चुकली असे समजून आम्ही दोन दिवस शेजारच्या वाडीत फिरलो. अखेरीस एका गृहस्थाच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे असल्याचे ध्यानात आले. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत छापली होती. तेव्हापासून खिसा, पदर, बटणे आणि दिसत असेल तेथे पाटीवरची अक्षरे आधी तपासल्याशिवाय आम्ही कोणतेही छायाचित्र वापरत नाही.

नकाशे आणि दप्तर

नकाशावर घर दाखवलेले असेल, अशी ग्राहकांची अपेक्षा असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एका मैलाला एक इंच या प्रमाणात काढलेले आहेत, म्हणजे त्यावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सुमारे ६३ मीटर भरतो. बारा मीटर लांबीचे घर खऱ्या प्रमाणात काढायचे तर ते मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे येईल. त्यामुळे तेथे दिसणारा ठिपका ही वस्तीची खूण असते, एखाद्या विशिष्ट घराची नव्हे. हे नकाशे तरीही अमोल आहेत, कारण त्यांत पाखाड्या (दगडी पायवाटा), ओढे, देवळे, होडीच्या तरीच्या जागा आणि वाड्यांची जुनी नावे मिळतात. रत्नागिरीचा परिसर ४७ जी आणि ४७ एच या क्रमांकांच्या नकाशगटांत येतो, मालवण ४७ एचमध्ये आणि सावंतवाडी ४८ ई मध्ये. जुन्या नकाशावर किंवा कागदावर जिल्ह्याचे नाव वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नये. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई, आणि सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. सावंतवाडी व जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थाने होती, म्हणून त्या गावांच्या जुन्या कागदांचा शोध निराळ्या दप्तरांत घ्यावा लागतो.

घराच्या अधिक जवळ नेतात ते महसुलाचे कागद. देशावर घरे गावठाणात दाटीने असतात. कोकणात ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या आगरात किंवा भाटात असते, आणि पुष्कळ घरे गावठाणाबाहेर, सर्व्हे नंबर असलेल्या जमिनीतच उभी होती. त्यामुळे गाव नकाशावरचा योग्य नंबर आणि पोटहिस्सा ओळखता आला की शोधाचे क्षेत्र काही गुंठ्यांवर येते. त्या हिश्श्याचे टिपण, म्हणजे मोजणीची मूळ नोंद, भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावे. जुनी टिपणे साखळी आणि आण्यांत मोजलेली असतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. हे प्रमाण हाती असले की फितीने जागेवर बांध शोधता येतो. जमीन खोताकडे (गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराकडे) होती असे घरात सांगत असतील, तर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) आवर्जून पाहावेत, कारण कुळांची व घरांची नावे तेथे प्रथमच स्पष्टपणे पुढे येतात. त्याआधीचे पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. ते आमच्याकडे वाचून मिळतात.

सातबारा जमिनीचा असतो, घराचा नव्हे, हे मात्र कधीही विसरू नये. घराचा स्वतंत्र पुरावा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये असतो. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होत असल्याने एका आकारणीत असलेला घर क्रमांक पुढच्या आकारणीत दिसेनासा झाला, तर घर कधी पडले त्याचा अंदाज चार वर्षांच्या फरकाने बांधता येतो. आमच्या मते हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका कागद आहे. स्वामित्व योजनेखाली २०२० पासून ड्रोनने झालेली मोजणी गावठाणापुरती असल्यामुळे वाडीतल्या सुट्या घरांसाठी तिचा उपयोग थोडाच होतो.

वरून घेतलेल्या चित्रांबद्दल ग्राहक फार आशेने विचारतात. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ साली खुली झाली, आणि त्यांतल्या उत्तम चित्रांत साधारण दोन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. देशावरच्या उघड्या माळावर ती फार कामाची ठरली असती. आपल्याकडे घर माडा-फणसांच्या छायेत असते, आणि चित्रात झाडांचे शेंडेच दिसतात. खळे सारवलेले असले तर तो पांढरट चौकोन कधी कधी उठून दिसतो. अलीकडे पडलेल्या घरांची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतली छपरे उडाली आणि बागाही आडव्या झाल्या; तेथे वादळापूर्वीची व नंतरची उपग्रहचित्रे शेजारी ठेवली की गेलेले घर पुष्कळदा लगेच सापडते.

जागेवरची पाहणी आणि आमची मर्यादा

छायाचित्र, नकाशा आणि दप्तर यांपैकी कोणत्याही दोहोंचा मेळ बसल्याखेरीज आम्ही जागा दाखवत नाही, आणि प्रत्यक्ष घरवंद पाहिल्याखेरीज जागा निश्चित झाली असे लिहून देत नाही. पाहणी माघ ते चैत्र या काळात ठेवतो. पावसाळ्यात व त्यानंतर गवताखाली जोते दिसत नाही आणि सापाचे भयही असते. पाहणीच्या वेळी गावातले वृद्ध माणूस सोबत असावे अशी आमची इच्छा असते. त्यांना थेट घर न विचारता विहीर विचारली, तर उत्तर अधिक नेमके मिळते, कारण घरे पडली तरी विहिरीची नावे राहतात.

आमचा अहवाल स्मरणासाठी आणि कुटुंबाच्या इतिहासासाठी आहे. हद्दीच्या वादात किंवा वाटणीच्या दाव्यात तो पुरावा म्हणून वापरू नये. त्यासाठी शासकीय मोजणीच घ्यावी लागते. साधने अपुरी असतील तर आम्ही तसे प्रारंभीच सांगतो आणि प्राथमिक पाहणीपलीकडे शुल्क घेत नाही.

मूळ छायाचित्रे आमच्याकडे ठेवून जाण्याची गरज नाही. ग्राहकांच्या समोर ६०० डीपीआयवर स्कॅन करून ती त्याच वेळी परत दिली जातात. चिकट पानांच्या अल्बमातून छायाचित्र ओढून काढू नये, पानासह आणावे. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, आणि नावे लिहायची असल्यास मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत. बुरशी धरलेली छायाचित्रे ओल्या फडक्याने पुसू नयेत. ती कोरड्या कागदात गुंडाळून, शक्य तर मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आमच्याकडे आणावीत.